कचेरीचे अक्षर

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठी घरात लहान मुलांच्याही तोंडी असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात मूळ ‘धरावे’ असे होते, ते आनंदीबाईंनी ‘मारावे’ असे केले, ही कथा त्या खुनाभोवती पुढे रूढ झाली. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच ती घेतली पाहिजे. परंतु आख्यायिकाही उगाच जन्माला येत नाहीत. सरकारी कागदावरील एका अक्षरावर माणसाचा प्राण अवलंबून असू शकतो, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना पुरती ठाऊक होती. म्हणूनच एवढ्या मोठ्या घटनेचा सारा दोष त्यांना एका अक्षराच्या माथी मारता आला.

ज्या लिपीत हे अक्षर लिहिले गेले असे आपण मानतो ती मोडी. ग्रंथाची लिपी बाळबोध, कचेरीची मोडी, अशी वाटणी महाराष्ट्रात कित्येक शतके चालली. पोथी बाळबोधीत उतरावयाची, कारण ती पुढच्या पिढीने सावकाश व निःशंकपणे वाचावयाची असे. हुकूम, सनद, हिशेब, करारनामा, निवाडपत्र हे मोडीत लिहावयाचे, कारण ते आजच्या आज निघावयाचे असे. ज्ञानेश्वरीच्या प्रती करणारा लेखक आणि फडावर मांडी घालून बसलेला कारकून यांच्या हातांतील हा भेद होता, आणि अनेकदा हे दोन्ही हात एकाच माणसाचे असत.

मोडीचा जनक कोण, या प्रश्नाचे परंपरागत उत्तर हेमाडपंत हे आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामदेव यादवांचा ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे दप्तरखात्याचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणि’सारखा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि पत्रलेखनाचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ही परंपरेने त्याच्याकडेच दिली आहेत. त्याने ही लिपी लंकेहून आणली, असेही सांगत. दप्तराच्या प्रमुखाकडे दप्तराच्या लिपीचे जनकत्व जावे हे स्वाभाविकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी निराळा विचार मांडला. फारसीतील जलद लिपीला ‘शिकस्ता’ म्हणतात आणि शिकस्ता म्हणजे मोडलेली. तेव्हा ‘मोडी’ हे त्या नावाचेच भाषांतर होय, असे त्यांचे म्हणणे. कल्पना मोठी आकर्षक आहे. पण शिकस्ता म्हणून आज ओळखले जाणारे फारसी वळण सोळाव्या-सतराव्या शतकांत घडले, हे लक्षात घेता तेराव्या शतकातील हेमाद्रीने त्याचे अनुकरण केले असे मानणे कठीण जाते.

माझ्या मते या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. जेथे जेथे लिहिण्याचे काम वाढते आणि वेळ थोडा असतो, तेथे तेथे अक्षर आपोआप मोडते. उत्तरेतील व्यापाऱ्यांची महाजनी, बिहारातील कचेऱ्यांची कैथी, पंजाबातील लंडा, या सर्व लिपी अशाच लगबगीतून जन्मल्या. कैथीचे नावच मुळी कायस्थ या लेखकवर्गावरून पडले आहे. अशा लिपीचा जनक एक माणूस नसतो. तिचे जनकत्व कामाच्या ओझ्याकडे जाते. ज्यांच्या टेबलावर रोज सायंकाळी न संपलेल्या फायलींची चळत उरते, त्या वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

मोडी लिहिण्याची रीत मुळी या घाईतूनच ठरली आहे. कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली अक्षरे टांगीत जाई. बाळबोधीत अक्षर आधी व रेघ मागाहून. मोडीत रेघ आधी. अक्षराचा शेवट पुन्हा रेघेकडे वळवून तेथूनच पुढचे अक्षर काढावयाचे, म्हणजे बोरू उचलण्याचा प्रसंग कमीत कमी येई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवलेला नाही. एकच इकार, एकच उकार. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. हात फार घाईत असेल तर अनुस्वार, प्रसंगी काना-मात्राही गळून पडे. शाई वाळण्यासाठी वर वाळू टाकीत. जुने रुमाल सोडताना तिचे चार कण आजही बोटांना लागतात.

याखेरीज संक्षेपांचे एक स्वतंत्र शास्त्रच होते. ‘राजश्री’बद्दल रा॥, ‘मौजे’बद्दल मौ॥ अशी पुढे दोन दंड दिलेली अक्षरे प्रत्येक ओळीत आढळतात. तेच दोन दंड रकमेत आले की त्यांचा अर्थ अर्धा, एक दंड म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. वाचणाऱ्याला विषय ठाऊक आहे हे गृहीत धरूनच ही लिपी लिहिली जाई. मोडी वाचणे हे म्हणूनच केवळ अक्षरओळखीचे काम नव्हे. मजकूर वतनाचा आहे की कर्जाचा, हे एकदा उमगले की निम्मा कागद आपोआप वाचता येतो. ते न उमगल्यास प्रत्येक अक्षर ओळखूनही अर्थ हाती लागत नाही.

काळाप्रमाणे वळण बदलत गेले. बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले आणि वरच्या दरबारात फारसी आली. परंतु गावचा व परगण्याचा कारभार मराठीतच राहिला. पुढे आदिलशाहीच्या खुर्दखतांत वर फारसी व खाली मोडी मराठी अशी जोडपत्रे सर्रास दिसतात. शिवकालात चिटणिशी वळण पुढे आले. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याशी ते जोडले जाते. शिवकालीन अक्षर काहीसे तिरपे व मोकळे, तर पेशवाईतील अक्षर गोल, रेखीव व दाट, असा फरक सरावलेल्या डोळ्याला चटकन दिसतो. पेशवाईत चिटणिशीबरोबर बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी नावाने ओळखली जाणारी वळणे झाली. अक्षराला घराण्याचे व माणसाचे नाव मिळावे, ही गोष्ट त्या काळी या कलेला किती मान होता ते सांगते.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविले, हे सर्वांस माहीत आहे. परंतु शब्द बदलले तरी अक्षर बदलले नाही. ‘अमात्य’, ‘सचिव’ ही नवी नावेही मोडीच्याच रेघेखाली लिहिली गेली. शब्दांचेही सर्वस्वी परिवर्तन झाले असे नाही. दप्तराच्या सवयी राज्याभिषेकाने मोडत नाहीत. सनदेच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ लिहिले जाई. हे फारसी शब्द पेशवाई संपेपर्यंत टिकले, आणि ‘शिक्कामोर्तब’ या रूपाने ते आपल्या बोलण्यात अजून आहेत.

अशा एखाद्या अस्सल कागदाची रचना पाहण्यासारखी असते. माथ्यावर ‘श्री’, मुख्य शिक्का वर, नंतर ज्यास लिहावयाचे त्याचा मायना. हा मायना त्या माणसाच्या दर्जानुसार तोलूनमापून ठरलेला असे. एखादे विशेषण कमी पडले तर मनुष्य दुखावला जाई. मग मजकूर, आणि शेवटी छोटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरे आहेत. मर्यादा येथे आहे, म्हणजे आज्ञा येथे संपली. पुढे याच स्थानी ‘लेखनसीमा’ असे शब्द येऊ लागले. या सीमेचा उपयोग शोभेचा नव्हता. मोर्तबेच्या खाली कोणी एक ओळ वाढविली तर ती आज्ञा नव्हे, हे पाहताक्षणी कळावे म्हणून ती होती. मजकूर लांब असला की कागदाचे तुकडे चिकटवून वळे करीत आणि सांध्यावर पाठीमागे शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये. शब्दांत अंतर न ठेवण्याचाही असाच फायदा झाला असावा. जेथे फटच नाही तेथे मागाहून शब्द घुसविणे सोपे नाही. तयार झालेला कागद नोंदवहीत ‘बार’ झाला, म्हणजे चढला, की मग तो बाहेर जाई.

तारखेची तऱ्हाही ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठी कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांबरोबर अरबी संख्यावाचक शब्दांतही लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. या सनात साधारणतः ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. सन मृगनक्षत्राच्या प्रारंभी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलतो, यासाठी ही दोन्ही संख्यांची तजवीज. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत या रीतीने शुहूर ११६१ मध्येच पडते. यासोबत मुसलमानी महिन्याचा चंद्र ‘छ’ या अक्षराने दाखवीत, आणि पुष्कळदा शक, संवत्सर, मास, तिथी व वारही देत. बनावट कागद करणाऱ्याची बहुधा येथेच फसगत होई. अक्षर वठविणे एक वेळ साधते. पण दोन-तीन कालगणना एकमेकींशी जुळविणे सोपे नाही. इतिहाससंशोधकांनी कित्येक बनावट कागद केवळ या मेळावरून उघडे पाडले आहेत.

हस्ताक्षर हा पुरावा आहे ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी कायद्याबरोबर आली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः लेख, भोगवटा आणि साक्षी ही तीन प्रमाणे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितली आहेत. स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानावा, मात्र तो बळजबरीने वा कपटाने लिहून घेतलेला नसावा. आणि लेखाविषयी संशय आल्यास त्या माणसाच्या दुसऱ्या हस्ताक्षराशी ताडून पाहावा, हेही तेथेच आहे. ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द मराठी कागदांत जे वजन पाडतो ते या जुन्या तत्त्वाचेच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हस्ताक्षर ताडून पाहण्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यानेही ती कायम ठेवली आहे. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ठिकाणाहून आला असेल तर त्यावरील हस्ताक्षर खरे धरण्याची मुभाही तशीच चालू आहे. शब्द बदलले, कलमांचे आकडे बदलले. अक्षरावरील भिस्त राहिली.

पण येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या कुणब्याच्या जमिनीचा हा कागद, त्याला तो वाचता येत होता काय? याचे उत्तर गावोगावच्या महजरांच्या तळाशी सापडते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की तिचा निर्णय महजरावर लिहीत आणि सर्व गोताची साक्ष त्यावर घेत. कुलकर्णी सही करी. पाटलाची निशाणी नांगर. सुताराचे हत्यार, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, अशी ज्याची त्याची खूण काढलेली असे. या चित्रांकडे पाहताना दोन भाव मनात येतात. एकीकडे वाटते, किती उदार ही सभा. निरक्षर माणसाचीही साक्ष तिने कागदावर जागा देऊन राखली. दुसरीकडे हेही दिसते की नांगर काढणाऱ्याने वरचा मजकूर काय आहे हे कुलकर्ण्याच्या तोंडून ऐकूनच मानले. कुलकर्णी प्रामाणिक असेल तर कागद ही त्याची ढाल. नसेल तर तोच कागद पुढच्या पिढ्यांना नाडणारा. ‘कुळकर्णी कागद’ या शब्दांत मराठी खेड्याने जो धाक साठवून ठेवला तो निष्कारण नव्हता. आम्हा लेखणीवाल्यांनी मोडीचे गुणगान करताना ही बाजू झाकून ठेवू नये.

हा प्रश्न केवळ आपलाच होता असे नाही. इंग्लंडात न्यायालयांचे लेख लॅटिन भाषेत आणि ‘कोर्ट हॅन्ड’ नावाच्या मध्ययुगीन वळणात लिहीत. अठराव्या शतकापर्यंत ते वळण इतके गुंतागुंतीचे झाले होते की वकील-कारकुनांखेरीज कोणाला त्यातील अक्षर लागत नसे. क्रांतिकाळात, १६५० मध्ये, ही पद्धत एकदा बंद करण्यात आली. १६६० साली राजा परत येताच तीही परतली. अखेर १७३१ च्या कायद्याने ठरले की न्यायालयीन लेख इंग्रजीत, सामान्य वाचनीय अक्षरात व संक्षेपांवाचून लिहावेत. २५ मार्च १७३३ पासून तो अमलात आला. ज्याच्यावर खटला आहे त्याला आपल्यावरील आरोप वाचता यावा, हा त्यामागील हेतू होता, आणि तो निःसंशय न्याय्य होता. परंतु पुढे काय झाले? ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात खेदाने नमूद केले आहे की, आता कित्येक कारकून व वकील पहिल्या जॉर्जच्या कारकिर्दीतील, म्हणजे अवघ्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा लेखही नीट वाचू शकत नाहीत. नवे कागद सर्वांना खुले झाले आणि जुने सर्वांनाच बंद झाले.

मोडीच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्याचा त्यांनी मोठा उपयोग करून घेतला तो इनामांच्या चौकशीसाठी. १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने जुने रुमाल सोडून दाखल्यांची छाननी केली. ज्यांचे दाखले जुळले नाहीत अशा पुष्कळांची इनामे खालसा झाली. म्हणजे राज्य गेल्यावरही मोडी अक्षर माणसांना जमीन देत होते वा त्यांची जमीन घेत होते. मुंबई इलाख्यात शाळांतून मोडी शिकविली जाई, घरची पत्रे व दुकानाची खाती मोडीत चालत. पण छापखान्याला बाळबोध सोयीची होती, आणि स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही मोडी उठली. सर्वांना एकच लिपी शिकवावी हे लोकशाहीला धरूनच झाले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मात्र नवे दार उघडताना जुन्या खोलीची किल्ली कोणाकडे ठेवावयाची, याची तजवीज पुरेशी झाली नाही.

ही खोली किती मोठी आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्याचे बावीस खंड काढले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. हे काम डोंगराएवढे खरे. तरीही पुण्याच्या दप्तरात हजारो रुमाल असे आहेत की ज्यांतील कागदांची गणना कोटींत होते, आणि त्यांपैकी फार थोडे छापले गेले आहेत.

शिवाय हे कागद पुण्यातच आहेत असेही नाही. परप्रांतांत राहणाऱ्या आपणा मंडळींचा संबंध येथे येतो. मोडी महाराष्ट्राबाहेर गेली ती कामावर नेमलेल्या माणसांच्या हातून. दिल्लीस पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे राहिले. बादशाही दरबारातील बारीकसारीक हकीकत त्यांनी मोडीत लिहून पाठविली. कोट्यास शिंद्यांचे कारभारी गुळगुळे होते, त्यांचेही दप्तर आहे. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदे, नागपूर येथील संस्थानांचा कारभार कित्येक वर्षे याच लिपीत चालला. तंजावरास व्यंकोजीराजांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत जे दप्तर राखले, त्यातील मोडी कागद तमिळ मुलुखात आजही आहेत. आणि बंगालातील श्रीरामपूरच्या छापखान्याने तर मोडीचे खिळे पाडले. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडी अक्षरांत छापला आहे, आणि त्या कामी त्याला फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. बदलीच्या गावी बसून सरकारी खलिते लिहिणारी मराठी माणसे आपल्या आधी दोनशे-अडीचशे वर्षे या देशभर होती. त्यांची पत्रे वाचणारे कोणी नसेल तर ती माणसे दुसऱ्यांदा मरतील.

ही हळहळ केवळ इतिहासप्रेमाची नाही. जमिनीची मालकी, देवस्थानाचे हक्क, पाण्याचा वाटा, वंशावळ, जातीची नोंद यांसाठी आजही लोक मोडी कागदाची पुरचुंडी घेऊन दारोदार जाणकार शोधीत हिंडतात. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा सरकारी पातळीवर शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वानवा आहे हे सर्वांच्याच ध्यानात आले. बिहारात कैथी कागदांची अशीच स्थिती आहे. आपला हक्क सांगणारा कागद हातात आहे आणि तो आपल्याला वाचता येत नाही; कोण्या तिसऱ्याने सांगितले तो त्याचा अर्थ! म्हणजे फिरून फिरून आपण त्या महजराच्या तळाशीच आलो. फरक इतकाच की तेव्हा नांगर काढणारा एक कुणबी होता. आज पदवीधरांसह सारेच नांगर काढणारे झालो आहोत.

उपाय अवघड नाही. मोडीची अक्षरे महिन्याभरात ओळखता येतात. सहा महिने रोज एक कागद वाचल्यास पेशवाईतील सुवाच्य वळण सरावाचे होते. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्याने मोडीचे वर्ग व परीक्षा घेतल्या आहेत, आणि २०१४ पासून युनिकोडमध्येही या लिपीला स्थान मिळाले असल्याने संगणकावर ती लिहिता येते. यंत्र पुढेमागे अक्षर ओळखीलही. परंतु मजकूर वतनाचा की कर्जाचा, हे समजणारा माणूस त्याच्या शेजारी बसावाच लागेल. आपल्यापैकी जे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर, झाशी, सागर या बाजूंस आहेत, त्यांनी तेथील जुन्या मराठी घरांत एवढी चौकशी अवश्य करावी की माळ्यावर एखादा रुमाल आहे काय. असल्यास तो रद्दीत जाऊ देऊ नये, उन्हात वाळवू नये, चिकटपट्टीने जोडू नये. ज्या क्रमाने बांधला आहे त्या क्रमातच ठेवून जवळच्या अभिलेखागारास वा संशोधन संस्थेस कळवावे. कागद कोणत्या घरातून, कोणत्या रुमालातून आला, हे त्याच्या मजकुराइतकेच मोलाचे असते. फाइलीचा क्रम बिघडला म्हणजे काय होते, हे आपल्या वाचकांपेक्षा अधिक कोण जाणतो?